थोरलीचं माप

अर्थातबाई हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना दर दोन-चार वाक्यांनी त्यांच्या तोंडून एक 'अर्थात' निघायचं, आणि मागच्या बाकावर त्यावर पैजा लागायच्या. वर्गातली निम्मी पोरं बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून नाइलाजाने आलेली असत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. एकदा आलेलं पोर सहसा टिकायचं. मला दिसतो तो निळा रंग आणि तुला दिसतो तो निळा रंग एकच कशावरून, असलं काहीतरी साधंसं बाई हातात घ्यायच्या आणि तास संपेपर्यंत पोरांची झोप उडवून द्यायच्या.

घरी त्या आणि वडील, दोघंच. वडील कटिंग मास्तर. रस्त्याला लागून त्यांचं शिवणाचं दुकान, दुकानामागे कापडाचे तागे ठेवायची एक अंधारी खोली, आणि वर राहायच्या दोन खोल्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाईंचं लग्न एकदा जमता जमता राहिलं आणि पुढे जमवायचंच राहून गेलं. मास्तरांचे डोळे काचबिंदूने नेले होते. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. दुकान बंद झालं तरी ऐट कमी झाली नव्हती. आपल्या हातचा एकही कोट कधी परत आला नाही, असं ते अजून येईल त्याला सांगत. ते खरं नव्हतं. चांगले ढीगभर आले होते, आणि त्यांतले काही बाईंनी लहानपणी स्वतः उसवले होते.

बाईंचा जीव दोन कामांत अडकलेला होता. पहिलं काम म्हणजे एक ग्रंथ. विषय 'नसणं'. जे मुळात नाहीच, त्याच्याबद्दल खरं किंवा खोटं काही बोलता येतं का? बाईंचं उत्तर होतं, येत नाही. वर्गात त्या उदाहरण द्यायच्या, "मला थोरली बहीण नाही. आता मी म्हटलं की माझी थोरली बहीण डावखुरी आहे, तर ते खरं की खोटं? दोन्ही नाही. कपडा शिवून तयार आहे, पण तो अंगात घालायला माणूसच नाही." शिंप्याची लेक असल्याने त्यांना असलीच उदाहरणं सुचत.

दुसरं काम गोष्टींचं. तिथे मात्र बाईंचं काही केल्या बस्तान बसत नव्हतं. गोष्टीतली माणसं ग्रंथातल्यासारखी बोलायची. आणि ग्रंथात उलटा त्रास. 'समजा, एक माणूस आहे' असं लिहावं, तर तो माणूस समजण्यापुरता थांबायला तयार नसे. त्याला घर हवं, झिजलेल्या चपला हव्या, सासऱ्याशी वाकडं हवं. शेवटी बाईंनी भांडखोर सासू-सुनांची चूल वेगळी मांडून द्यावी तशी वाटणी केली. सकाळी ग्रंथ, कॉलेजातून आल्यावर गोष्ट. सकाळच्या बाई संध्याकाळच्या बाईंना ओळख दाखवत नसत.

त्यानेही भागलं नाही. त्यांचा एक जुना सहकारी आता एका मासिकाचा संपादक झाला होता. त्याने गोष्ट परत करताना सरळ सांगितलं, "तुमच्या माणसांना विचार ऊठ म्हणाला की उठतात, बस म्हणाला की बसतात. यातल्या एकालाही कधी खोकला येत नाही हो."

मास्तरांचंही तेच मत, शब्द वेगळे. बाई रोज संध्याकाळी त्यांना लिहिलेलं वाचून दाखवत. मास्तर मांडीवर एखादा कापडाचा तुकडा घेऊन त्याचा पोत चाचपत ऐकत आणि म्हणत, "अस्तर बाहेर आलंय, पोरी."

मग एकदा सुट्टीच्या दिवशी बाईंनी ग्रंथातली ती थोरली बहीण उचलली आणि गोष्टीत आणून बसवली. त्यामागे काही मोठा बेत नव्हता; हाताशी दुसरं कोणी नव्हतं इतकंच. धाकटी पाळण्यात असताना थोरली एका दुपारी घर सोडून जाते, एवढीच गोष्ट. थोरली का जाते ते बाईंना सुचलं नाही, म्हणून लिहिलं नाही. तिच्या तोंडी एक वाक्यही घातलं नाही, कारण ती बोलायला लागली की आपल्यासारखी व्याख्यान देईल ही धास्ती होती. पण गोष्ट भरभर उतरली. थोरली दोरा दाताने तोडायची, जिन्यावर एक पायरी नेहमी गाळायची, हे बाई लिहीत गेल्या आणि कुठून येतंय ते विचारायला थांबल्या नाहीत. डावखुरी हे तर ठरलेलंच होतं.

संध्याकाळी त्यांनी ती मास्तरांना वाचून दाखवली. मास्तरांची बोटं कापडावर थांबली ती शेवटपर्यंत हलली नाहीत. अस्तराबद्दल काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डावखुरी नव्हती ती."

बाईंना हसू आलं. कोण, म्हणून त्यांनी विचारलं.

"ताई. डावखुरी तू आहेस. तिचा डावा खांदा खाली होता. तू पाळण्यात होतीस, तुला कुठून ठाऊक असणार."

बाईंनी गोष्टीचे कागद एकावर एक नीट लावले, मग पुन्हा विस्कटले आणि पुन्हा लावले. आपण एकुलत्या एक आहोत, हे त्या वडिलांना समजावून सांगायला निघाल्या होत्या. हे आपण कोणाला सांगतोय ते लक्षात आलं आणि त्या कागद घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर त्यांना छोटी म्हणायला लागले. आजवर त्या घरात 'पोरी'खेरीज हाक नव्हती. छोटी म्हणजे कोणीतरी मोठी आहे. आयुष्यभर जी जागा आपली म्हणून वापरली ती दुसऱ्या क्रमांकाची निघावी, तसं बाईंना झालं. ती तुला छोटीच म्हणायची, असं मास्तरांनी सांगितलं, जसं काही हवापाण्याबद्दल बोलावं. दिवसभर त्यांच्यापाशी थांबायला येणाऱ्या मावशींना त्यांनी बजावून ठेवलं की दुपारी खालच्या दाराला कडी घालायची नाही. मावशी बिचकल्या. बाईंना बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की तुमच्या ताई कुठे असतात, एकदा कळवून टाका ना त्यांना.

डॉक्टरांनी वय, झोप आणि औषधं यांच्यावर बोट ठेवलं. वाद घालू नका, म्हणाले, सोबत करा. बाईंना ते पटलं. तरी मनात पाल चुकचुकत होती, आणि तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईने जे करावं तेच त्यांनी केलं. मास्तरांची परीक्षा घेतली. भ्रम असेल तर म्हातारा माणूस पुढे येईल ते गिळेल, असा त्यांचा हिशेब. चहाच्या वेळी त्या मनाला येईल ते पुढे टाकत. ताई छान गायची ना? मास्तर म्हणाले, गळाच नव्हता तिला. कुत्र्यांना घाबरायची? छे, वाटेवरचं कुत्रं तिच्या मागे घरापर्यंत यायचं. उंच होती? कुठली उंच, तुझ्या आईच्या कानाला लागायची. पायरी गाळायची का? यावर मात्र मास्तर हसले. चौथी पायरी, म्हणाले, ती करकरायची म्हणून.

काही दिवस जाऊ देऊन बाईंनी तेच प्रश्न फिरवून विचारले. उत्तरं तीच आली.

सकाळचा ग्रंथ तिथेच अडला. नसलेल्या माणसाबद्दल खरं-खोटं काही नसतं, हे वाक्य बाईंसमोर तसंच पडून राही, कारण मास्तर तर रोज त्यांना चूक म्हणत होते. चूक म्हणायचं तर कुठेतरी बरोबर असावं लागतं. बाईंनी स्वतः रचलेल्या बाईबद्दल बाईच चुकत होत्या, आणि एक म्हातारा मांडीवर चिंधी घेऊन त्यांना दुरुस्त करत होता. संध्याकाळी त्या गोष्टीत ताईचा खांदा उतरता करत, आणि सकाळी त्याच हाताने ग्रंथ उघडायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा.

त्या जन्मनोंदणीच्या कचेरीतही जाऊन आल्या. खिडकीतल्या कारकुनाने नाव विचारलं. नाव बाईंना माहीत नव्हतं; मास्तर ताईखेरीज काही म्हणत नसत. नावाशिवाय काय शोधू, असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं.

मग उरली आत्या. मास्तरांची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहायची. तोंडाने फटकळ, पण बाईंवर माया. बाई गेल्या तेव्हा ती गॅलरीत मटार सोलत बसली होती. बाईंनी सगळं हसत हसत सांगितलं, म्हणजे आत्याला नाही म्हणायला सोपं जावं. आत्याने लगेच नाही म्हटलं. तूच पहिली आणि तूच शेवटची, तुझ्या आईला तूच भारी पडलीस, असं म्हणून हसलीसुद्धा. बाईंच्या जिवात जीव आला. मटार सोलून झाले, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. बाई निघाल्या, चपला घातल्या, तेव्हा मागून आत्याचा आवाज आला.

"कुठला खांदा म्हणाला तो?"

"डावा," बाई म्हणाल्या.

आत्याने हातातल्या सालांकडे पाहिलं. "म्हातारा झालाय तो. त्याचं ऐकत बसू नकोस," म्हणाली, आणि सालं टाकायला आत गेली ती बाहेर आली नाही. बाई थोडा वेळ दारात थांबल्या, मग जिना उतरल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मास्तरांनी कापड मागितलं. राखाडी, जरा जाडसर, मागच्या खोलीत वरून दुसरा तागा, हे त्यांनी मावशींना सांगितलं, आणि तो तिथेच निघाला. बाई कॉलेजातून आल्या तेव्हा मास्तर जमिनीवर बसले होते. खडू हातात, कापड गुडघ्यांभोवती पसरलेलं, आणि कापून झालेले भाग एका बाजूला रचून ठेवलेले. मावशी कोपऱ्यात स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, दुपारभर चाललंय, टेपला हातसुद्धा लावला नाही.

बायकी कोट होता. बाईंनी भाग उचलून पाहिले. दोन खांदे सारखे नव्हते. डावा चांगला उतरता कापला होता, आणि आत भर घालायला जागा ठेवली होती, म्हणजे बाहेरून दोन्ही सारखे दिसावेत.

शिवायचं बाईंनी. मास्तर शेजारी बसून बोटांनी टीप तपासायचे आणि वाकडी गेली की उसवायला लावायचे. बाईंना हे काम कधीच नीट जमलं नव्हतं, तरी या खेपेला जमलं. कोट पुरा झाल्यावर त्यांनी तो खुंटीला अडकवला, आणि त्या दिवसापासून त्या खुंटीसमोरून जाताना आपोआप सावकाश जाऊ लागल्या.

हिवाळ्यात मास्तर खालावले. अन्न कमी झालं, बोलणं तुटक झालं. बोलले की एकच, ताई आली का? मावशी डोळे पुसायच्या. बाईंना कळत होतं की आता काय करायला हवं. तेच करायला मन धजत नव्हतं.

खोटं बोलणं आणि गोष्ट सांगणं यांत फरक काय, हे त्या दरवर्षी शिकवत आल्या होत्या. गोष्टीत सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असतं की ही गोष्ट आहे; खोट्यात एकालाच. या हिशेबाने ताई होऊन मास्तरांपुढे जाणं म्हणजे शुद्ध फसवणूक. पण बाईंना अडवत होतं ते एवढंच नव्हतं. गोष्टीत त्यांनी ताईला बोलतं केलंच नव्हतं. ती कशी बोलते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मास्तर चुकीला चूक म्हणणारे. आयुष्याच्या शेवटी बापाने आपल्याच लेकीला 'तू ती नव्हेस' म्हणावं, हे त्यांना झेपलं नसतं.

तरी एका दुपारी त्यांनी मावशींना औषध आणायला धाडलं, कोट अंगात चढवला आणि मागच्या जिन्याने उतरून रस्त्याने फिरून पुढच्या दाराशी आल्या. कोट त्यांना होत नव्हता. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या, पाठ ताणली गेली. जिना चढताना चौथी पायरी त्यांनी गाळली. ती ठरवून गाळली की पाय तसाच पडला, हे त्यांना नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

मास्तर खाटेवर उशाला टेकून बसले होते. बाई शेजारी बसल्या, डावा खांदा जरा सोडून. मास्तरांनी हात पुढे केला. बाही चाचपली, मग खांदा, मग खांद्यावरची शिवण. हात तिथेच ठेवला.

"छोटी कुठंय?"

"बाहेर गेलीय. येईल," बाई म्हणाल्या. आवाज आपसूक खालच्या पट्टीत लागला होता.

"तिला सांगू नकोस. ती विचार करत बसते." मग ते सावकाश बोलू लागले. दुकान तेव्हा नवं होतं. गिऱ्हाईकं बघायची. शिंप्याच्याच घरी वाकडा खांदा म्हणून एकदा कोणीतरी हसलं. "म्हणून तुला मागच्या खोलीत बसवलं. काजं करायला. सगळ्या दुनियेची वाकडी अंगं झाकली मी, आणि तुला लपवलं. तू त्यापायीच गेलीस ना?"

बाईंनी न लिहिलेलं कारण हे होतं. त्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि दोन्हीकडून तोंड बंद झालं होतं. कोणा दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणालाच नसतो, हे सकाळच्या बाईंना पक्कं माहीत होतं. क्षमा करणारी थोरली खोटी वाटेल, हे संध्याकाळच्या बाईंना तितकंच पक्कं माहीत होतं. मग त्यांनी स्वतःला बोलताना ऐकलं.

"मागच्या खोलीत ऊन छान यायचं."

मास्तरांचा चेहरा हलला. "हो," ते म्हणाले. "यायचं. खिडकी बुजवायला नको होती मी. तू गेल्यावर बुजवली."

मागच्या खोलीला खिडकी बाईंनी कधीच पाहिली नव्हती. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. असं वाक्य त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं, कोणाकडून ऐकलं नव्हतं, आणि आत्ता बोलून जाईपर्यंत ते त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांनी मान वळवून खोलीत पाहिलं. कोणी नव्हतं. मास्तरांचा हात मात्र खांद्यावर निवांत पडला होता, खूप दिवसांनी काम संपल्यासारखा, आणि तसाच त्यांना डोळा लागला.

त्यानंतर मास्तर तीन-चार आठवडे होते. ताईबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खालच्या दाराला कडी घालत जा, असं मावशींना आपणहून सांगितलं. बाईंना छोटी म्हणत राहिले, आणि छोटी म्हणतच गेले.

गोष्ट बाईंनी पुरी केली. ताईच्या तोंडी तिने म्हटलेलं तेवढं एक वाक्य घातलं. संपादकाने ती लगेच घेतली. त्या एका वाक्यासाठी घेतली, म्हणाला, आणि त्यामागचा विचार काय होता ते विचारलं. विचार नव्हता, असं बाईंनी सांगितलं. त्याला तो विनय वाटला. ग्रंथही त्यांनी सोडला नाही. बहिणीचं उदाहरण तेवढं काढून टाकलं आणि त्याजागी दुसरं न घालता पुढे लिहीत राहिल्या. सकाळ-संध्याकाळची वाटणी मात्र मोडली. आता एकाच बैठकीत दोन्ही चालतं. ग्रंथात कोणी माणूस हट्टाला पेटला की त्या त्याला गोष्टीत जाऊ देतात, आणि गोष्टीत कोणी फार बोलायला लागलं की त्याचं बोलणं ग्रंथात आणून तपासतात. कधी कधी एखादं वाक्य लिहून त्या नुसत्या थांबतात. चूक आहे असं कोणी म्हणत नाही ना, इतकं बघतात आणि मग पुढचं लिहितात.

उन्हाळ्यात त्यांनी गवंडी बोलावला. मागच्या खोलीची भिंत त्याने ठोकून पाहिली, एका जागी विटा वेगळ्या लागल्या, आणि दुपारपर्यंत खिडकी मोकळी झाली. खिडकी होती, एवढं सिद्ध झालं. बाकी काही सिद्ध झालं नाही, हे बाईंनी स्वतःला बजावलं. तागे हलवून त्यांनी तिथे आपलं टेबल मांडलं. ऊन खरंच छान येतं.

खोली बघायला म्हणून आत्या आली. त्या खोलीत तिने कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. समोर सगळी जमीन मोकळी होती, तरी ती सरळ आली नाही. खिडकीपाशी कोणी खाली बसून काम करत असावं आणि त्याला धक्का लागू नये, असा वळसा घालून ती पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. बसल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं असावं. ती बाईंकडे न बघता पदराने कपाळ पुसत राहिली.

चहा टाकते म्हणून बाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या, तेव्हा त्यांचेही पाय बाजूनेच गेले.